दारातला मारुती

आमच्या दारात मारुती प्रकट झाला तो एका शनिवारी, मी शाळेत मुलींची हजेरी घेत होते तेव्हा. सकाळी मी घराबाहेर पडले त्या वेळी उंबऱ्यासमोर मोकळी जागा होती. दुपारी परत आले तर तिथे गुडघाभर उंचीचा विटांचा ओटा, ओट्यावर दोन नारळांएवढा दगड, दगडाला शेंदूर, आणि शेजारी हात जोडून उभे असलेले आमचे घरमालक. सिमेंट अजून वाळलं नव्हतं. ओट्याने निम्मं दार अडवलं होतं. मी आडवी होऊन, वह्यांची पिशवी डोक्यावर धरून घरात शिरले आणि चुलीपाशी बसून राहिले. रडू आलं नाही, रागही आला नाही. माणूस इतका विचार करून दुसऱ्याचं वाईट करू शकतो, याचाच मला धक्का बसला होता.

हे सेलूतलं. नामांतराचा ठराव होऊन मराठवाडा पेटला होता त्याला चार-पाच वर्षं झाली होती. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होते, त्यांनी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत मी आणि आई राहत होतो. वडील गेले तेव्हा मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे गावातच मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि आईने मारुतीला नारळ फोडला. तो गावातला खरा मारुती होता, हा नव्हे.

घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, आम्हीही म्हणायचो. त्यांच्या बायकोला मावशी. सरकी-पेंडीचा त्यांचा व्यापार. संक्रांतीला त्यांच्याकडचं वाण आधी आमच्याकडे यायचं आणि आमची पुरणपोळी आधी त्यांच्याकडे जायची. वडिलांच्या तिरडीला अण्णांनी खांदा दिला होता. तेराव्याच्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "बेटा, हे तुमचंच घर हाय. कुटं जायाचं न्हाई." मी ते वाक्य फार दिवस जपून ठेवलं होतं.

मग मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे जाणारा रस्ता रुंद झाला आणि आमच्या खोल्या एकदम रस्त्यावर आल्या. शेजारच्याने दोन खोल्या पाडून शटर टाकलं. अण्णा रोज संध्याकाळी त्या शटरकडे बघत उभे राहायला लागले. आम्हाला "निघा" असं ते कधीच म्हणाले नाहीत. ओठात साखर कायम होती. फक्त एक दिवस आडावरचा रहाट दिसेना. विचारलं तर म्हणाले, दुरुस्तीला दिलाय. त्यांच्या घरात नळ आला होता, त्यामुळे आड लागायचा तो आम्हालाच. पंधरा दिवसांनी आमची वीज गेली. मीटर त्यांच्या ओसरीत होतं. "तुमचा फ्यूज सारखा उडायलाय बेटा, वायरमनला सांगितलंय," असं ते म्हणाले. त्यांच्या खोल्यांत पंखे फिरत होते. आईला मात्र यात काहीच खटकत नव्हतं. "आण्णा कशाला खोटं बोलतील? तुला मास्तरीण झाल्यापासून सगळ्यांच्या चुका दिसायल्यात," असं ती मलाच ऐकवायची.

आणि मग मारुती. अण्णांना म्हणे स्वप्नात दृष्टांत झाला. त्यांच्या शेतातल्या बांधावर मारुती उपाशी उभा होता आणि म्हणाला, मला घरी ने. घरी म्हणजे अण्णांच्या नव्हे, आमच्या दारी. देव निवडण्यातसुद्धा त्यांचं डोकं व्यापाऱ्याचं होतं. आमच्याकडे दोनच माणसं, दोघीही बायका. मारुती ब्रह्मचारी. मावशींनी त्याच संध्याकाळी खिडकीपाशी येऊन हळू आवाजात आईला सांगितलं, "त्या चार दिवसांत पोरीला दारातून येऊ-जाऊ देऊ नका हं. जागृत हाय." मी लहानपणी आजारी पडले की ह्याच मावशी रात्रभर उशाशी बसायच्या. त्या खाली मान घालून बोलत होत्या, एवढं मला आठवतं.

आईने ते ऐकलं. त्या महिन्यापासून चार दिवस मी मागच्या खिडकीतून बाहेर पडायला लागले. आईने खिडकीखाली पालथं पिंप ठेवलं होतं. तेवीस वर्षांची सरकारी शिक्षिका साडी सावरत पिंपावर पाय देऊन उकिरड्याच्या अंगाला उतरायची आणि शाळेत जाऊन मुलींना स्वच्छतेचा धडा शिकवायची. पहिल्या दिवशी उतरताना माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला पाहिलं. ती हसली नाही, पळून गेली. त्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ लिहीत राहिले.

खोल्या सोडून जावं तर कुठे, हा प्रश्न होता. घरात पुरुषमाणूस नाही म्हटल्यावर कुणी खोली दाखवायलाही उठत नव्हतं. पाथरीकडच्या खेड्यात माझे काका होते. त्यांचा निरोप तयारच असायचा: नोकरी सोडा, गावाकडं या, पोरीचं उरकून टाकू. खोली गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की मी काकांनी ठरवलेल्या कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत बसणार, हे मला दिव्याइतकं स्वच्छ दिसत होतं. दोन अंधाऱ्या खोल्यांसाठी मी भांडत होते असं आज कुणाला वाटेल. मी माझ्या जन्मासाठी भांडत होते.

गावातल्या जाणत्या दोन वकिलांकडे गेले. एकाची अण्णांच्या दुकानात रोजची बैठक. दुसऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही देवाविरुद्ध अर्ज करणार?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी रुळापलीकडच्या वस्तीतल्या एका तरुण वकिलाचं नाव सांगितलं. नुकती सनद घेतलेला, कोर्टासमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून बसायचा. त्याची वस्ती कोणती हे सांगताना बाईंनी आवाज खाली आणला. त्या वर्षांत सगळेच तो आवाज खाली आणायचे.

त्याने देवाचं विचारलंच नाही. आधी विचारलं, "पाणी कधीपासून बंद हाय?" मग दिव्याचं, मग दाराची रुंदी किती उरली ते. आणि मग तो जे बोलला ते ऐकून मी आ वासून बघत राहिले. "बाई, निजामाचं राज्य गेल्यावर झालेला भाड्याच्या घरांचा कायदा हाय. आपल्याकडं अजून तोच चालतो. अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय मालकाला तुमाला काढता येत न्हाई. आणि पाणी, दिवा, यायची-जायची वाट, आधीपासून चालू असलेलं काहीबी त्याला बंद करता येत न्हाई. केलं, तर अधिकारी चालू करायला लावतो."

कायदा हा खून-दरोड्यांसाठी असतो, अशी माझी समजूत. तो आडाच्या रहाटासाठीही असतो, हे मला, एका शिकलेल्या बाईला, कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तो हसला. म्हणाला, "लिहिलेलं हाय बाई. वाचत कुणी न्हाई म्हणून मालकांचं फावतं."

अर्ज केला. पाहणीला तहसिलातून माणूस येईल असं कळलं. आदल्या आठवड्यात वकील जागा बघायला घरी आला. दारातल्या दगडाकडे त्याने बराच वेळ पाहिलं आणि आईला हात जोडून सांगितलं, "आई, एक काम करा. पंचनामा होईपर्यंत ह्याला हात लावू नका. दिवा न्हाई, फूल न्हाई, पाणीसुदा न्हाई. धूळ बसू द्या. वाट अडवायला ठिवलेला दगड हाय, असं साहेबाला दिसलं पायजे. देव मागून बघू."

आईने मान हलवली. मग त्याला चहा दिला. कोनाड्यात एक कान तुटलेला कप होता, त्यात. आम्ही तो कप वापरत नव्हतो. तो निघून गेल्यावर आईने तो कप इतर भांड्यांत न घालता बाहेर पिंपावर नेऊन पालथा घातला. मी हे सगळं पाहिलं आणि गप्प बसले. आपल्यासाठी फुकट धावणाऱ्या माणसाला माझ्या घरात तुटका कप मिळतो, ह्याची लाज तेव्हा वाटायला हवी होती. मला तेव्हा फक्त पाणी नि दिवा पाहिजे होता.

पाहणीच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. अव्वल कारकून आणि दोन पंच गल्लीत शिरतच होते. वकील सायकल लावत होता. आणि मी दारात पाहिलं.

ओटा शेणाने सारवलेला होता. समोर रांगोळी. मारुतीला गल्लीतल्या पोराकडून लावून घेतलेला नवा शेंदूर, गळ्यात रुईच्या पानांची माळ, समोर समई, उदबत्तीचा धूर. आई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बाजूला उभी होती. नवं लुगडं नेसली होती. 

"आई, हे काय केलंस?" मी कसंबसं विचारलं.

"साहेब लोक यायलेत," ती म्हणाली. "त्यांच्यापुढं देव पारोसा कसा ठिवायचा? लोक काय म्हनतील?"

अव्वल कारकुनाने चपला काढल्या, नमस्कार केला, वही उघडली. "ह्या देवाची पूजा कोण करतं?"

"मी," आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "पहिल्या दिवसापासून करते. पोरगी शाळेत गेली की दुरूनच फूल वाहते, दिवा लावते. एक दिवस खाडा न्हाई." रोजचं ते फूल मावशी वाहतात, असं मी समजत होते.

अण्णा ओसरीत उभे होते. त्यांना बोलायची गरज नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

मला आठवतं, मी वकिलाकडे पाहायचं टाळत होते. तो मात्र शांतपणे कारकुनाला आडाकडे घेऊन गेला, रहाट नाही हे दाखवलं, ओसरीतलं मीटर दाखवलं. जाताना मला एवढंच म्हणाला, "पाण्याचं आणि दिव्याचं लिहून घेतलंय. त्येवढं तरी मिळंल."

त्या संध्याकाळी मी आईला वाट्टेल ते बोलले. वकिलाने इतकं समजावून सांगितलं होतं, मान हलवली होतीस, मग असं का केलंस? ती पोळपाट पुसत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला आपल्या देवाचं काय कळतं? त्यांनी तर देव सोडलेत."

 अण्णांनी रहाट काढला तेव्हाही मला इतका धक्का बसला नव्हता. अण्णांवर तिचा विश्वास होता, कारण ते आपल्यातले. याच्यावर नव्हता. बाकी सगळं निमित्त होतं.

हुकूम झाला. रहाट परत बसला, वीज आली. पहिल्या संध्याकाळी बल्ब लागला तेव्हा मी त्याच्याखाली बसून उगाचच जुनं वर्तमानपत्र वाचलं. कागदावरचा कायदा खरोखर आपल्या घरात उतरतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. पण वाटेबद्दल हुकमात लिहिलं होतं: अर्जदाराची आई स्वतः नित्य पूजा करते, सबब अडथळा दिसून येत नाही.

अण्णांना रान मोकळं मिळालं. दर शनिवारी भजन सुरू झालं. ओट्यावर पत्र्याचं छप्पर आलं, घंटा आली, तेलाचे ओघळ आमच्या उंबऱ्यावरून आत यायला लागले. बाया-माणसं आमच्या पायरीवर बसून प्रसाद खायची. गल्लीत बोलणं आमच्या पाण्याचं राहिलंच नव्हतं. "तुमाला गावात दुसरा वकील मिळाला न्हाई का?" एवढंच सगळे विचारत. एका शनिवारी शाळेला निघाले, तर टाळ वाजवणारा एकजण मला थांबवून म्हणाला, "बाई, पायताण घालून देवळातून कुटं चालल्या?" मी माझ्या घरातून निघाले होते. त्याला ते घर दिसतच नव्हतं. तिथेच ठरवलं की आता इथं राहायचं नाही.

दीड महिना खोल्या शोधल्या. "कोण-कोण राहणार? पुरुषमाणूस कोण?" "आडनाव काय? मूळ गाव कोणतं?" एका ठिकाणी तर आडनाव ऐकून बसायला पाट दिला आणि पुरुष नाही कळल्यावर पाट काढून घेतला. शेवटी लिंबाखालच्या टेबलापाशी जाऊन मी रडले. वकील ऐकत राहिला, मग जरा चाचरत म्हणाला, "आमच्या घराला लागून दोन खोल्या हायेत. आईचं घर हाय ते. तुमाला चालत असंल तर."

आईला सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, नाहीतर काकांकडे जाऊ. तिने भांडी गोणीत भरायला घेतली. गावाकडच्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं, ते काही घरांनी आजतागायत पुन्हा सुरू केलेलं नाही.

नवी मालकीण म्हणजे वकिलाची आई, जिनिंगमध्ये कापूस निवडून लेकाला शिकवलेली. तिने पहिल्याच दिवशी दोन्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्या, एकही स्वतःकडे ठेवली नाही. रोज सकाळी ती आईला हाक मारायची, "अक्का, च्या घ्यायला या." आई रोज म्हणायची, "आज उपास हाय." पाच महिने. एकदा ती मालकीण हसून म्हणाली, "तुमचा उपास लय मोठा हाय, अक्का." आई आत निघून गेली.

मग एका बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी मोंढ्याकडून येत होतो. आमच्या जुन्या खोल्यांच्या जागी शटर होतं, आत सरकीची पोती थप्पीला लागलेली. ओटा नव्हता. छप्पर नव्हतं, घंटा नव्हती. आई रस्त्यातच उभी राहिली. मग मलाही दिसलं. गटारीच्या कडेला, रिकाम्या पोत्यांच्या ढिगाशेजारी तो दगड आडवा पडला होता. एका बाजूचा शेंदूर खरवडून गेला होता आणि त्याला कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती.

आई दुकानाच्या पायरीशी गेली. "आण्णा, देव काढला?"

अण्णा गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "हलवावा लागला. गिऱ्हाइकाला यायला-जायला वाट नको का?"

आईचं तोंड उघडंच राहिलं. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. मी त्या महिन्यांत किती वेळा अशी सुन्न झाले होते. तिची पाळी आज आली होती. मला वाटलं, आता ती रडेल किंवा शिव्या देईल. तिने तसं काही केलं नाही. ती गटारीपाशी गेली, सायकल बाजूला सारली, आणि ज्या मारुतीला बाईची सावली नको म्हणून ती मला चार दिवस खिडकीतून उतरवत होती आणि स्वतः दुरूनच फूल वाहत होती, तो दोन्ही हातांनी उचलून भाजीच्या पिशवीत घातला. मेथी खाली, देव वर. "ह्यालाबी न सांगता काढलं," एवढंच म्हणाली. पिशवीचा एक बंद तिने धरला, एक मी. रूळ ओलांडून आम्ही वस्तीत आलो.

मालकीण दारात गहू पाखडत बसली होती. "काय आणलं अक्का, इतकं जड?"

आईने पिशवी उघडून दाखवली. आणि खोलीच्या दोन्ही किल्ल्या आमच्याकडे असूनही माझी आई लेकरासारखी विचारायला लागली, "ठिवू का हितं? तुमाला चालत नसंल तर..."

तिने सूप खाली ठेवलं. दगडाकडे बघितलं, मग आईकडे. "आमी देव सोडलेत अक्का. माझ्या घरात ह्याला जागा न्हाई, खोटं कशाला बोलू? पर खोली तुमची हाय. तुमच्या खोलीत काय ठिवायचं, ते मी कोन सांगनारी?"

 आईने पिशवी भिंतीला टेकवली, तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बाई, घोटभर पानी द्या."